आधी फाटक मोजा

घसरगुंडीच्या कठड्यातल्या दोन गजांमधली फट ९ सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि २३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ती जागा धोक्याची. लहान मूल पाय पुढे करून तिच्यात घुसलं की धड सरकतं आणि डोकं अडकतं. ९ पेक्षा कमी असेल तर धडच जात नाही, २३ पेक्षा जास्त असेल तर डोकंही सुटतं. युरोप आणि अमेरिकेतल्या खेळसाधनांच्या मानकांत हे आकडे जवळपास सारखे आहेत आणि ते तपासायला यंत्र लागत नाही. सुताराकडून प्लायवूडचे दोन तुकडे कापून घ्यायचे: एक ९ बाय १६ सेंटिमीटरचा आयत, दुसरी २३ सेंटिमीटर व्यासाची चकती. आयत आत गेला आणि चकती गेली नाही, की ती फट नापास. शिडीच्या पायऱ्या, चढायच्या जाळ्या, कठडे, सगळीकडे हे दोन तुकडे फिरवायचे.

हा धोका सगळ्याच मुलांना असतो, पण दिव्यांग मुलाच्या बाबतीत त्याचं वजन वाढतं. डोक्यात पाणी साठण्याच्या आजारामुळे एखाद्याचं डोकं वयाच्या मानाने मोठं असतं. फिट येणाऱ्या एखाद्याने हेल्मेट घातलेलं असतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला अडकलेलं अंग स्वतःच्या ताकदीने मागे ओढता येत नाही, आणि जे मूल बोलत नाही ते हाक मारत नाही. चुकीच्या फटीतून इतर मुलं बहुतेक वेळा निसटतात. ज्याला निसटता येत नाही, त्याच्या मापाने ती फट मोजायला हवी.

हे वाचून कुणाच्या मनात येईल, मग अशा मुलाला तिथे न्यायचंच कशाला? आपल्याकडे बहुतेक मैदानांवर सुरक्षिततेचा अर्थ तोच लावला जातो. ‘तू बस हं, पडशील’ असं म्हणून मुलाला कट्ट्यावर बसवतात, मैदान आहे तसंच राहतं आणि अपघात होत नाही. मैदानाची तपासणी करणाऱ्याने या युक्तीला पहिल्यांदा सुट्टी द्यावी. मूल आत आलंच नाही म्हणून जखम झाली नाही, तर ते मैदान सुरक्षित ठरत नाही. त्याची परीक्षाच झालेली नसते. सुगमता एका कागदावर आणि सुरक्षितता दुसऱ्या कागदावर मोजली की हाच घोळ होतो. दोन्ही एकाच फेरीत मोजायच्या, आणि मूल सोबत घेऊन.

इथे जोखीम आणि सापळा यांतला फरक लक्षात ठेवावा लागतो. झोका उंच जाणं, घसरगुंडीवरून वेगाने येणं, दोरीवर तोल सांभाळणं ही जोखीम मुलाला दिसते, ते ती जोखतं, म्हणून तर खेळायला मजा येते. गंजून झिजलेली कडी, मुरुमातून वर आलेला काँक्रीटचा कोपरा, डोकं अडकेल अशी फट हे सापळे. ते मुलाला दिसत नाहीत आणि त्यांच्यात खेळही नाही. सापळे काढायचे, जोखीम ठेवायची, आणि ती जोखीम चाकाच्या खुर्चीतल्या मुलालाही मिळेल असं बघायचं. लंडनमध्ये चेल्सी भागात १९७० साली लेडी ॲलन यांच्या पुढाकाराने दिव्यांग मुलांसाठी साहसी खेळांचं मैदान उघडलं, त्यामागे हाच विचार होता. आपल्याकडे मूल दिव्यांग असलं की त्याच्यासाठी भिंतीवर फुलपाखरं रंगवून भागवण्याची सवय आहे.

आता कोकणातल्या कणकवलीत येऊ. तालुक्याचं गाव, जानवली आणि गड या दोन नद्यांच्या सोबतीचं. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, वर उड्डाणपूल, खाली सर्व्हिस रोड. मैदानाची तपासणी पाळण्यापाशी सुरू करू नये, ती रिक्षा जिथे थांबते तिथे सुरू करावी. रस्ता ओलांडायला जागा आहे का, गटारावरची फरशी हलते का, फाटकापर्यंत चाक जातं का. गावाबाहेर फोंडाघाट, नांदगाव, तळेरे, खारेपाटणच्या बाजूला निघालात तर कित्येक शाळा उतारावर; वर जायला जांभ्याच्या दगडांची पाखाडी. पाखाडी पावसात शेवाळते. त्या वाटेवर कुबड्या घेतलेलं मूल रोज काय कसरत करतं हे बघितल्यावर मैदानात बसवलेल्या महागड्या खेळण्याचं कौतुक उरत नाही.

मग फाटक. गुरं आत येऊ नयेत म्हणून फिरकी बसवलेली असते, किंवा दोन खांब इतके जवळ रोवलेले असतात की माणूस तिरका होऊन जातो. सरकारी शिबिरात मिळणारी घडीची चाकाची खुर्ची साधारण ६५ सेंटिमीटर रुंद; हातांनी चाक फिरवणाऱ्याची कोपरं धरली तर निदान ९० सेंटिमीटर मोकळी वाट हवी. गुरं अडवायची असतील तर बाजूला कडीचं झुलतं फाटक करता येतं, आणि ती कडी बसलेल्या मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर. उलट स्वमग्न मुलाच्या आईला विचारा, ती सांगेल की कुंपण अखंड हवं आणि बाहेर पडायची वाट एकच हवी, कारण काही मुलं अचानक पळत सुटतात आणि पलीकडे रस्ता असतो. एका मुलाला फाटक रुंद हवं, दुसऱ्याला ते मिटलेलं हवं. दोन्ही एकाच फाटकात जमतं, पण दोघांनाही विचारलं तरच सुचतं.

कोकणात पावसाच्या भीतीने इमारतीचं जोतं उंच घेतात. शाळेचं जोतं ४५ सेंटिमीटर असेल, तर १ः१२ या उताराने रॅम्प ५.४ मीटर लांबीचा लागतो. प्रत्यक्षात जागा नाही म्हणून दोन मीटरमध्ये तो संपवलेला दिसतो. कागदोपत्री रॅम्प आहे, त्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात, आणि उतरताना मूल पुढे फेकलं जाईल अशी भीती. टेपने जोत्याची उंची आणि रॅम्पची लांबी मोजा, लांबीला उंचीने भागा, बारापेक्षा कमी आलं तर लिहून ठेवा. दोन्ही बाजूंना धरायला दांडी आहे का तेही बघा. शेजारीच संडास आणि पाण्याचा नळ येतात. आप्पासाहेब पटवर्धनांनी इथल्याच वागद्याच्या गोपुरी आश्रमात सफाईची, संडासाची कामं हाती घेतली, त्या तालुक्यात मैदानाच्या तपासणीत संडास विसरला जाऊ नये. जिथे चाकाची खुर्ची आत वळत नाही, तिथे मूल अर्ध्या तासापलीकडे थांबत नाही. आई त्याला घरी घेऊन जाते.

सगळ्यात जास्त वेळ जमिनीवर घालवावा. मैदानावर मोठी इजा होते ती बहुतेक पडून, आणि पडल्यावर डोक्याला काय होतं हे खाली काय आहे यावर ठरतं. आपल्याकडे खाली असतो मुरूम किंवा कातळ. मुरूम टाकला तेव्हा मऊ वाटतो, एक पावसाळा आणि शंभर मुलांचे पाय गेले की तो दगडासारखा बसतो. त्याच्या वर दोन मीटर उंचीची घसरगुंडी म्हणजे चूकच. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत सुट्या भरावाचे हिशेब दिलेत: बसलेल्या अवस्थेत २३ सेंटिमीटर जाडीची वाळू सुमारे १.२ मीटर उंचीवरून पडलेल्याला सांभाळते. तेवढ्याच जाडीचा लाकडाच्या ढलप्यांचा थर त्याच्या दुपटीहून जास्त उंचीला पुरतो. थर दबतो, म्हणून सुरुवातीला ३० सेंटिमीटर घालावा लागतो आणि झोपाळ्याखाली, घसरगुंडीच्या तोंडाशी तो पायांनी उकरला जातो तो पुन्हा सारखा करावा लागतो.

वाळू म्हटल्यावर या तालुक्यात कासार्डे आठवणार, तिथल्या सिलिका वाळूच्या खाणी प्रसिद्ध आहेत. पण अगदी बारीक, कोरडी, धूळ उडणारी सिलिका मुलांच्या मैदानात घालू नये. ती धूळ फुप्फुसांना वाईट. धुतलेली, गोल कणांची, कच नसलेली वाळू हवी. आणि वाळू कितीही चांगली असली तरी चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाकं तिच्यात रुततात, कुबडीचं टोक आत जातं. पडणाऱ्याला मऊ जमीन हवी, खुर्ची चालवणाऱ्याला घट्ट. या पेचावर श्रीमंत शहरांनी रबराचा ओतीव थर काढला. चांगला बसवला तर तो दोन्ही कामं करतो. पण तो महाग आहे, उन्हात कडक होतो, खालचा पाया नीट नसेल तर पहिल्या दोन पावसाळ्यांत फुगतो, आणि कणकवलीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ठेकेदार देखभालीचा करार देत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. त्याऐवजी सरळ विभागणी करावी. फाटकापासून प्रत्येक खेळण्यापर्यंत दीड मीटर रुंद, घट्ट, पाणी न साठणारी वाट. चिऱ्याची असेल तर सांधे भरलेली आणि वर्षातून एकदा शेवाळ घासून काढलेली. आणि खेळण्याच्या खाली, पडण्याच्या टापूतच वाळू. वाट जिथे संपते तिथे २८ ते ४६ सेंटिमीटर उंचीचा कट्टा, म्हणजे खुर्चीतून त्यावर सरकून मूल पुढे हातांनी चढू शकतं.

पडण्याचा टापू म्हणजे खेळण्याच्या चारी बाजूंना निदान १.८ मीटर मोकळी जागा. झोपाळ्याला पुढे आणि मागे तो वाढतो: साखळी जिथून लटकते त्या आडव्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट. दांडा २.४ मीटरवर असेल तर पुढे ४.८ आणि मागे ४.८ मीटर. आपल्या बागांत एवढ्या जागेत तीन खेळणी बसवलेली असतात. अंधुक दिसणाऱ्या मुलाला चालताचालता झोपाळ्याची फळी कपाळावर बसते ती या दाटीमुळे. झोपाळ्याच्या टापूभोवती पायाला वेगळी लागणारी किनार करा, खांबांना पिवळा पट्टा मारा, खर्च नगण्य आहे.

झोपाळा जवळून बघू या. वर दांड्याला लोखंडी आकडा, त्यात साखळीची कडी. घर्षणाने आकड्याचा आतला भाग झिजतो. बाहेरून रंग चकाकत असतो आणि आत निम्मी जाडी उरलेली असते. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल हे काम लवकर करतात, म्हणून जस्ताचा मुलामा नसलेली साखळी इथे घेऊच नये. स्टुलावर चढून आकडा हाताने उचलून आतून बघायचा. आकड्याचं तोंड मिटलेलं हवं, १ मिलिमीटरहून जास्त फट राहिली की कपडा अडकतो, ओढणी अडकते, शाळेच्या ओळखपत्राची दोरी अडकते. घसरगुंडीच्या माथ्यावर ती दोरी गळफास ठरू शकते, म्हणून खेळण्याआधी ओळखपत्र काढून ठेवायची सवय लावावी. बोल्टची टोकं दोन आट्यांपेक्षा जास्त बाहेर नकोत. एका चौकटीत दोनच झोपाळे. दोघांमध्ये ६० सेंटिमीटर आणि झोपाळा व खांबामध्ये ७५ सेंटिमीटर अंतर.

पाठीला आधार आणि पुढे पट्टा असलेली बैठक एक तरी हवी, धडाचा तोल न सांभाळता येणाऱ्या मुलासाठी. चाकाची खुर्चीच चढवायचा लोखंडी झोपाळा मात्र मला छोट्या गावच्या मोकळ्या मैदानावर पटत नाही. ते अवजड धूड हलताना मधे आलेल्या मुलाला चिरडू शकतं, त्याला वेगळं कुंपण आणि राखणदार लागतो, आणि राखणदार नसला की त्याला कुलूप लागतं. कुलूप लागलेलं खेळणं फोटोपुरतं. त्यापेक्षा दोरांची गोल, जाळीची मोठी बैठक घ्यावी. तिच्यात चालणारं मूल, न चालणारं मूल, धाकटा भाऊ, सगळे एकदम लोळतात. दिव्यांगांचं म्हणून कोपऱ्यात एकटं उभं केलेलं खेळणं हा फाटकाबाहेर ठेवण्याचाच सुधारलेला प्रकार आहे.

काही गोष्टी टेपने कळत नाहीत. लोखंडी पत्र्याची घसरगुंडी एप्रिल-मेमध्ये दुपारी भाजते. पाठीच्या कण्याच्या दोषामुळे ज्याच्या पायांना संवेदना नाही, त्या मुलाला ते कळत नाही. घरी गेल्यावर फोड दिसतात. हाताची मागची बाजू पत्र्यावर पाच सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर मूल बसवू नका. सावली हवी, पण नारळाखाली नको. मग प्लास्टिकची घसरगुंडी बरी का? एरवी हो, पण कोरड्या हवेत तिच्यावर घासून अंगात स्थिर वीज साठते आणि तिने कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाहेरच्या यंत्राला बाधा होऊ शकते. कोकणच्या दमट हवेत हे क्वचितच घडेल, तरी थंडीच्या कोरड्या दिवसांत ते यंत्र काढून मगच घसरायला सोडावं. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांचे मानेचे वरचे मणके सैल असतात. कोलांट्या आणि उड्या मारायच्या जाळीवर त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. ज्या मुलांना प्रत्येक वस्तू तोंडात घालायची सवय असते, त्यांच्यासाठी रंगाचे पोपडे विषासारखे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरली ती २०१६ च्या नियमांनी, नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधी रंगवलेलं खेळणं खरवडून पुन्हा रंगवावं आणि नव्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचूनच.

एक खास इथला मुद्दा. चिऱ्याचा गडगा, सैल दगडांचा ढीग, पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत ही फुरसं या विषारी सापाची जागा. चालणारं मूल ती ओलांडून जातं, पण रांगणारं किंवा हातांवर सरकणारं मूल तिथे हात घालतं. कुंपणालगतचे दगड उचलून गवत काढणं हे तपासणीत पहिल्या पानावर यायला हवं. त्याच कुंपणावर खाजकुइली चढलेली असते. खाज सुटली की काय झालं हे सांगू न शकणाऱ्या मुलाचे हाल आठवून ती उपटावी. आणि सध्या प्रत्येक बागेत आलेली ओपन जिम! ती मोठ्यांच्या मापाची यंत्रं आहेत, सांध्यांत बोटं सापडतात, आणि मुलं नेमकी त्यांवरच लटकतात. ती खेळण्यांपासून लांब, मधे कुंपण घालून हवीत.

खेळ म्हणजे विकत आणलेलं लोखंडच असंही नाही. उन्हाळ्यात काजूच्या बिया मांडून त्या नेम धरून उडवायचा खेळ इकडच्या मुलांना सांगायला नको. तो जमिनीवर बसून खेळतात, म्हणून खुर्चीतला मुलगा बघत राहतो. खाली गुडघे जातील असा, निदान ६० सेंटिमीटर मोकळी उंची असलेला एक लांबट कट्टा बांधला, वर कडेला बोटभर किनार ठेवली, की तोच खेळ वर येतो. त्याच कट्ट्यावर वाळू, पाणी, शिंपले, करवंट्या. न दिसणाऱ्या मुलाला हे सगळ्यांपेक्षा जास्त आवडतं.

बाहेर काय चाललंय तेही थोडं बघू. बेंगळुरूत ‘किलिकिली’ या पालकांच्या गटाने महापालिकेच्या असलेल्याच उद्यानांत, कोल्स पार्कपासून, सर्व मुलांना एकत्र खेळता येईल असे बदल करून घेतले. नवं उद्यान मागितलं नाही, हे त्यांचं शहाणपण. नागपुरात पारडी भागात ‘अनुभूती’ नावाचं सर्वसमावेशक उद्यान ९० हजार चौरस फुटांवर उभारण्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये चाकाच्या खुर्चीसाठी लाकडी वाट खुली झाली आणि पुढच्याच महिन्यात मँडूस चक्रीवादळात तिचं नुकसान झालं. किनारी जिल्ह्याने यातून एवढं घ्यावं की उद्घाटनाच्या खर्चाबरोबर दुरुस्तीचा खर्चही त्याच ठरावात लिहायचा.

कायदा मुलांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शासनमान्य आणि अनुदानित शाळांना सांगितलंय की खेळ आणि मनोरंजनाची संधी दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने द्यायची आणि इमारत, आवार, सोयी सुगम करायच्या. याच कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीच्या जागा येतात, आणि जुन्या इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सुगमतेच्या मानकांचा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली मानकं नुसती शिफारशीसारखी होती. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत तयार करा, असा आदेश केंद्राला दिला. त्यामुळे ‘मार्गदर्शक सूचना आहे, बंधन नाही’ हे उत्तर कुठल्याही कार्यालयात ऐकून घेऊ नये.

पैशाचंही आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आधी हे ३ टक्के होते. हा निधी बऱ्याचदा वर्षअखेरीस घाईने वाटून संपवला जातो. फाटक रुंद करणं, एक वाट, एक कट्टा, दोन आधाराच्या बैठका ही कामं त्यात बसू शकतात.

तपासणीला अभियंता हवा, गटसाधन केंद्रातला विशेष शिक्षक हवा, आणि त्याहून जास्त हवीत ती मुलं: एक चाकाच्या खुर्चीतलं, एक न दिसणारं किंवा न ऐकणारं, एक स्वमग्न, आणि त्यांचे नेहमीचे खेळगडी. त्यांना तासभर मोकळं सोडा आणि कुठे अडतात, कुठे मदत मागतात, कुठे कंटाळून परततात ते लिहा. कोरी यादी घेऊन फिरणाऱ्या साहेबाला जे दिसत नाही ते या तासात दिसतं. हे वर्षातून दोनदा करावं. एकदा मे महिन्यात, मृगाच्या आधी, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. आणि एकदा दसऱ्यानंतर, पावसाने पाया कुठे उघडा पाडला, कुठे गंज चढला, कुठे गवत वाढलं ते बघायला.

मग मापं, फोटो आणि तारीख घालून नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीला अर्ज द्या. शाळेचं मैदान असेल तर एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला. अर्जात ५ टक्के निधीचा आणि कलम १६ चा उल्लेख करा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.